सातव्या पानावरचं दार

वच्छे,

तू गेल्याचं कार्ड मला तुझ्याच अक्षरात आलं.

दुपारची वेळ होती. पोस्टमनने कार्ड सोप्यात टाकलं आणि मी लांबूनच ओळखलं. तो तुझा शेपूट ओढलेला ‘र’, ती वाऱ्यावर उडालेल्या पदरासारखी वेलांटी. तुझ्या मार्गशीर्षातल्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. चार महिने झाले होते. म्हटलं, हरली शेवटी, पुन्हा लिहिलं तिने. हात पुसले आणि कार्ड उचललं. वरच्या कोपऱ्यात ‘श्री’ नव्हतं. खाली तीन ओळी. ‘बाई सोमवारी वारल्या. ताप होता. तुम्हाला कळवायला त्यांनी सांगितलं होतं.’

सासूबाई म्हणाल्या, “वाचलंस ना? मग फाड ते, आणि डोक्यावरून पाणी घे. असली कार्डं घरात ठेवत नाहीत.”

पाणी घेतलं. कार्ड फाडलं नाही. तू स्वतःच्या हाताने ‘मी वारले’ असं लिहिलेलं कार्ड मी कशी फाडू? माझ्या पोलक्यात ते दोन दिवस होतं आणि दोन्ही दिवस मला वाटत राहिलं, की तू मुद्दाम माझी चेष्टा करते आहेस. ट्रेनिंग कॉलेजात करायचीस तशी. माझ्या वहीत मास्तरीणबाईंच्या अक्षरात ‘पुन्हा लिहा’ लिहून ठेवायचीस आणि मी खरंच पुन्हा लिहायची.

आपलं काय होतं गं, वच्छे? मी सांगलीची, हळदीच्या पेढीवर वाढलेली, शुद्ध बोलायचा गर्व असलेली. तू कऱ्हाडकडच्या ऊसवाल्या घरातली, भाऊ पलटणीत, रागावलीस की ‘आहे’चं ‘हाय’ करणारी. दोघींना एकाच गोष्टीचं वेड होतं. लहान मुलांच्या हातात चित्रांची पुस्तकं द्यायची. अक्षर यायच्या आधी चित्र यावं, एवढ्या एका वाक्यावर आपली मैत्री झाली आणि त्यानंतर एकाही वाक्यावर आपलं एकमत झालं नाही.

तू पाटणच्या वरच्या अंगाला, कोयनेकाठच्या गावात शाळा घेतलीस. मी लग्न करून सांगलीतच राहिले आणि वाचनालयातलं एक कपाट मुलांसाठी मागून घेतलं. लढाईमुळे कागद मिळत नव्हता, नवी पुस्तकं निघत नव्हती. जुनी कुठून कुठून गोळा करायची, खळीने चिकटवायची, आणि त्यातली चार-पाच तुला पाठवायची. प्रत्येकात मी टाचणीने चिठ्ठी लावायची. ‘वय तीन ते पाच. हत्ती छत्रीखाली मावत नाही. मुलं पोट धरून हसतील.’ तू चिठ्ठीच्या पाठीवर लिहून परत पाठवायचीस. ‘न्हाई हसली. हत्ती कुणी बघितलेलाच नाही. म्हणाली, म्हस सुजलीया. औषध काय द्यायचं, विचारतात.’

मास्तरांचं पागोटं खाणाऱ्या शेळीचं पुस्तक मात्र तुझ्याकडून परत आलंच नाही. ‘पागोट्याचं पान मुलांनी चाटून चाटून फाटलं,’ असं तू लिहिलंस. बाजाराच्या दिवसाचं पुस्तक होतं, एकाच मोठ्या चित्रात शेदीडशे माणसं. मी चिठ्ठीत लिहिलं होतं की मुलांना मोजायला लावावं. तू लिहिलंस, ‘मोजायचं कशाला? प्रत्येकाला त्यात आपला मामा सापडलाय. आता मामा काय घेऊन येतोय, त्याचं भांडण लागलंय.’ त्या चिठ्ठ्या मी एका पितळी डब्यात ठेवल्या आहेत. सांगलीत कुणी बाई विचारायला आली की धाकट्यासाठी कुठलं पुस्तक नेऊ, तर मी तो डबा काढते आणि तुझी बाजू वाचून सांगते. माझी सांगत नाही.

आणि मग ते करडाचं पुस्तक आलं.

पुण्याहून आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात होतं. पुठ्ठा नव्हता, पहिलं पान नव्हतं, कुणी काढलं, कुठे छापलं, काही नाही. शब्द एकही नाही. आठ चित्रं. एक पांढरं करडू आपलं घर हरवून बसलंय आणि दारोदार फिरतंय. पहिल्या दारात कुंभार, दुसऱ्यात कोंबड्यांना दाणे टाकणारी म्हातारी, तिसऱ्यात शिंप्याचं यंत्र, अशी सहा दारं. सातव्या पानावर नुसतं उघडं दार. आत काळोख. दारात कुणी नाही, आणि करडू मान वर करून बघतंय. आठव्या पानावर करडू आईला लुचतंय, ऊन पडलंय, झालं. मधे काय झालं ते कळत नाही. मला गोड वाटलं ते. ‘वय चार ते सहा,’ मी लिहिलं. ‘शेवट आनंदाचा. निर्धास्त द्यावं.’

हे ‘निर्धास्त’ मीच लिहिलंय. विसरले नाही.

महिन्याने तुझं पत्र आलं. चिठ्ठीची पाठ पुरली नव्हती म्हणून दोन बंद लिहिले होतेस. ‘इंदे, सातव्या पानावर काही मुलांना बाई दिसते. दारात उभी आहे म्हणतात. मला दिसत नाही. सगळ्यांनाही दिसत नाही. ज्यांना दिसते त्यांना मी एकेकाला वेगळं बसवून विचारलं. एकमेकांचं ऐकून सांगत असतील म्हणून. कुणी म्हणतं लुगडं हिरवं, कुणी म्हणतं डोक्यावर पाटी आहे. पण उभी असते ती, आणि हात चौकटीला. पाच मुलं आहेत. नावं खाली लिहिते.’

आठ दिवसांनी दुसरं पत्र. त्यात एकच वाक्य होतं. ‘पाचांपैकी एकालाही आई नाही.’

तेव्हाच तू तानीबद्दल लिहिलंस. पाच वर्षांची. आई गवताचा भारा घेऊन नदी उतरताना पाण्याबरोबर गेली. सापडली नाही. बाप लढाईवर. आजा सांभाळत होता. त्या दिवसापासून पोर बोलली नव्हती, आठ महिने. तुझ्या वर्गात ती भिंतीला चिकटून बसायची. करडाचं पुस्तक तिच्या पुढ्यात आलं, तिने पानं उलटली, सातव्यावर थांबली, बोट ठेवलं आणि म्हणाली, “आई, पाय पूस की.”

तू लिहिलंस की तुझ्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी रडू फुटलं. आठ महिन्यांनी पोर बोलली होती. दुसऱ्या दिवशी तिने पाणी मागितलं. तिसऱ्या दिवशी भांडली. फक्त रोज एकदा ते पान उघडून ती काहीतरी पुटपुटायची आणि मग आठवं पान उलटून खेळायला जायची.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, ‘पुस्तकाची दुसरी प्रत तुझ्याकडे आहे ना? बघ. तुला दिसतं का काही? खरं सांग.’

त्याच गठ्ठ्यात दुसरी प्रत होती. मी ती कपाटातून काढली. उन्हाची वेळ, वाचनालयात समोरच्या बाकावर दोघे म्हातारे वर्तमानपत्र वाचत होते, बाहेर हळदीच्या गाड्या जात होत्या. भ्यायचं काही कारण नव्हतं. सातवं पान उघडलं. शाई दाट होती, थोडी चकाकत होती, म्हणून पान तिरकं धरलं.

दारात बाई होती, वच्छे.

हात चौकटीला. डोईवरून पदर. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, एकाखाली एक. ती करडाकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती, आणि बराच वेळ कुणाची वाट बघून माणूस जसं बघतं तसं.

माझी आई मी चार वर्षांची असताना तापाच्या साथीत गेली, हे तुला माहीत होतं. तिचा फोटो नाही. तिचा चेहरा मला कधीच आठवला नाही. लहानपणी मी डोळे मिटून पुष्कळ खटपट केलेली आहे. त्या दिवशी संध्याकाळी मी मावशीकडे गेले आणि भाजी निवडता निवडता विचारलं, “मावशी, आईच्या हनुवटीवर गोंदलेलं होतं?”

मावशीचे हात थांबले. “तीन टिंबं. तुला कुणी सांगितलं?”

“असंच,” मी म्हटलं.

घरी येऊन मी तुला पत्र लिहिलं. ‘मी नीट पाहिलं. शाईचा डाग आहे. मुलं कल्पना करतात. मला काही दिसलं नाही.’

का लिहिलं असं? चार वर्षं मी स्वतःला विचारते आहे. भ्याले, हे खरं. पण तेवढंच असतं तर तुला सांगितलं असतं. भिण्यात आपण दोघी नेहमी वाटेकरी असायचो. मला वाटतं, ती माझी आई होती आणि मला ती कुणाला द्यायची नव्हती. तुलाही नाही. आणि पुन्हा बघायचंही धाडस नव्हतं. ती प्रत मी कपाटात तळाशी घातली, वर हजेरीपटांचा गठ्ठा ठेवला.

मे महिन्यात तू सांगलीला आलीस. कृष्णेच्या घाटावर बसून आपण भडंग खाल्लं. नदी आटलेली होती, पलीकडे म्हशी डुंबत होत्या. तू भडंगातले शेंगदाणे वेचून मला देत होतीस आणि भांडत होतीस.

“इंदे, पोरांना नुसती हसरी पुस्तकं दिऊन भागत न्हाई गं. ज्याच्या घरात काळोख हाय त्यानं काळोख कुठल्या पानावर बघायचा?”

“पाच वर्षांच्या मुलाला काळोख कशाला दाखवायचा? त्यांना हसू दे.”

“तानी हसती की आता! त्या पानामुळंच हसती.”

“ती मेलेल्या आईशी बोलते, वच्छे. हे बरं आहे का?”

तू माझ्याकडे वळलीस. डोळे बारीक केलेस. “तुला खरंच काय दिसलं न्हाई?”

“नाही.”

“माझ्या गळ्याची शपथ?”

मी म्हटलं, “शपथा कसल्या घालतेस खेडवळासारख्या!”

तू पुडी झटकलीस, आणि आपण दुसरंच काहीतरी बोललो. ‘खेडवळ’ तुला लागलं, ते मला दिसलं. पण शपथ टळली, म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षी तानीचा बाप श्रीपती रजेवर आला. त्याने काय पाहिलं ते तू मला कळवलंस. आंघोळ करून, टोपी घालून, पोरीला न्यायला तो शाळेत आला, तर पोर पुस्तकापुढे बसून सांगत होती, “आई, बाबा आल्यात. मिश्या हायत त्यांना.” तो दारातच खाली बसला. तुला म्हणाला, “बाई, मी लढाईत लय मेलेली बगितली. त्यांच्याशी कोण बोलत न्हाई. माजी पोर मेलेल्या बायकूशी बोलती, हे मी कसं सोसू?”

तू त्याला समजावलंस. त्याला कळेना. गावात कुजबुज होतीच, पाटलाने ती वर नेली, आणि शाळा तपासणाऱ्या साहेबांचं मला पत्र आलं. पुस्तक आमच्या वाचनालयाच्या शिक्क्याचं होतं आणि त्यात माझी ‘निर्धास्त द्यावं’ची चिठ्ठी होती. माझं मत मागितलं होतं.

मी मत दिलं. सुंदर मराठीत दिलं. ‘सदर चित्रपुस्तक कोवळ्या मनास अपायकारक ठरण्याचा संभव असल्याने ते त्वरित परत मागवावे, असे माझे नम्र मत आहे.’ एकदा लिहिलं आणि शुद्धलेखन तपासून पुन्हा लिहिलं.

तुला ताकीद मिळाली. पुस्तक टपालाने माझ्याकडे परत आलं. आत तुझी चिठ्ठी होती, माझ्याच चिठ्ठीच्या पाठीवर. ‘तानी पुन्हा गप झाली.’

त्यानंतर आपण दोन वर्षं एकमेकींना लिहिलं नाही. मी ‘लहान मुलांसाठी निवडक चित्रपुस्तके’ म्हणून एक यादी केली, ती बऱ्याच शाळांनी उतरवून नेली. लोक कौतुक करायचे. यादीत एकही उघडं दार नव्हतं.

मग मार्गशीर्षात तुझं पत्र. ‘आई गेली. आता मी दाराकडं पाठ करून शिकवते. बघायचा धीर होत नाही. तू ये. तू शेजारी असलीस की बघीन. झालं-गेलं सोडून दे.’

कुठल्या दाराकडं? मी ते पत्र चारदा वाचलं. दोन्ही प्रती माझ्याकडे होत्या, कुलपात. मी जाऊन कपाट उघडून पाहिलंसुद्धा. हजेरीपटांच्या खाली होत्या तशाच होत्या. पुस्तक माझ्या कपाटात, आणि दार तुझ्या पाठीशी. मला तुझ्या पत्राचंच भय वाटायला लागलं. उद्या लिहू, परवा लिहू, असं करत चैत्र आला, आणि ते बिनश्रीचं कार्ड.

दोन दिवसांनी मी निघाले. दोन्ही प्रती पिशवीत घेतल्या. कऱ्हाडपर्यंत गेले, तिथून पुढे ती कोळशावर चालणारी मोटार, चढावर उतरून चालायला लावणारी. तार केली होती म्हणून तानीचा बाप श्रीपती पाटणला घ्यायला आला होता. तानीच्या बोलण्यातल्या मिश्या आता पांढुरक्या होत्या. माझी पिशवी त्याने मागितली, मी दिली नाही. वाटेला डोंगरउतारावर सगळीकडे राब भाजत होते, पुढच्या पिकासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात तसे. दरीत धूर साचून राहिला होता. दुपारी सूर्य तांबड्या टिकलीएवढा दिसत होता आणि वरून काळी राख अगदी सावकाश, आवाज न करता, आमच्या अंगावर पडत होती. चार मैल चालायचं होतं.

मग तोच म्हणाला, “आवं बाई, त्या पुस्तकापायी मीच बोंब मारल्ती. माहीत हाय न्हवं तुमाला?”

“मत मी दिलं होतं,” मी म्हटलं.

“व्हय. बाई सांगायच्या.”

“काय सांगायची?”

“म्हणायच्या, माजी मैतरीण हाय ती, भ्याली आसंल.”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

शाळा म्हणजे देवळाशेजारची एक कौलारू खोली. बाहेर मुलं होती, मला बघून बाजूला सरली. आत अंधुक होतं, डोळ्यांपुढे धुराचा पडदा होता. तुझं सामान आतल्या खोलीत असेल म्हणून मी सरळ समोरच्या दाराकडे गेले. पाऊल उचललं आणि मागून श्रीपती म्हणाला, “बाई, तिकडं खोली न्हाई.”

माझा हात भिंतीला लागला. बोटं काळी झाली.

पुस्तक नेलं म्हणून तू भिंतीचंच पुस्तक केलंस, वच्छे! गेरू, चुना आणि चुलीची काजळी. डावीकडून कुंभार, कोंबड्यांची म्हातारी, शिंपी. कुंभार तुमच्या गावचा वाटत होता, शिंप्याला तू चष्मा दिला होतास. करडू प्रत्येक चित्रात जरा जाडच. आणि सातवं दार खऱ्या दाराएवढं, चौकटीसकट, जमिनीपासून. तू हाताने काजळी चोळली असणार. तुझ्या बोटांचे फराटे कडेला दिसत होते. उजवीकडे ऊन आणि करडाची आई.

श्रीपती माझ्या मागे उभा होता. “लढाई सुटली, घरी आलो, आन् हे बगितलं. तीनदा चुना मारला मी. काजळी वर येत्येच. तिसऱ्या डावाला चुना मारताना पोर माज्या मागं येऊन उबी ऱ्हायली. म्हणाली, ‘बाबा, तिच्या डोळ्यांत जातोय.’ दोन वर्सांत पयलं बोलली ती माज्याशी. मग ब्रश टाकला मी.”

“आता बोलते?”

“आता गप करावं लागतंय.”

तानी आली. नऊ वर्षांची, हाडकुळी, परकर-पोलकं, तेल लावून चप्प बसवलेले केस. तिच्या हातात पाटी होती आणि पाटीवर तुझं अक्षर होतं. तो ‘र’, ती वेलांटी.

“हे तू लिहिलंस?”

“व्हय.”

“कार्डही तूच लिहिलंस?”

“बाईंनी हात धरून शिकवलंय. त्यांचंच येतं.” पाटी खाली ठेवून ती म्हणाली, “कुणाला लिव्हलं की लोकं भित्यात.”

मी खाली बसले. मुलं हळूहळू आत येऊन बसली, भिंतीकडे तोंड करून, रोजच्या जागी. बाईंशिवाय शाळा नव्हती, तरी रोज येऊन बसत होती, असं श्रीपती म्हणाला. मी तानीला विचारलं की शेवटी तू कुठे होतीस, खोलीवर की कुठे.

“हितंच. खाट हितं आणाय लावली. ह्या तोंडाला.”

“दाराकडे?”

“व्हय. आदी पाठ करायच्या. मग आमाला म्हणाल्या, फिरवा मला. आमी फिरवली खाट.”

“मग?”

“बगत ऱ्हायल्या. मग म्हणाल्या, ‘किती येळ उबी हायस गं आई.’ आन् हसल्या.”

मी शेजारी नव्हते. तू म्हणाली होतीस, तू असलीस की बघीन. माझ्या जागी चौदा मुलं होती. त्यांनी खाट फिरवली.

मी पिशवीतून दोन्ही पुस्तकं काढून मुलांपुढे ठेवली. कुणी झडप घातली नाही. एका चिमुरडीने पान उलटलं, करडाकडे पाहिलं आणि म्हणाली, “हे लय बारीक हाय. आमचं मोठं हाय.” त्यांना पुस्तकाची गरज उरली नव्हती. मी तीन वर्षं कुलपात ठेवलं होतं आणि त्यांचं काही अडलं नव्हतं.

“तानी,” मी विचारलं, “त्या दारात अजून आई दिसते तुला?”

“न्हाई.” ती सहज म्हणाली. “आता बाई दिसत्यात.”

“कोण बाई?”

“आमच्या.” तिने मागे वळून बघितलं. “आदी पाच जणांस्नीच दिसायचं. आता समद्यांना दिसतंय. इचारा की.”

मी विचारलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चौदाच्या चौदा मुलं एकाच ठिकाणी बघत होती, दाराच्या डाव्या अंगाला, साधारण तुझ्या खांद्याच्या उंचीवर. हसत नव्हती, घाबरलीही नव्हती. गणित सांगताना जशी बघतात तशी बघत होती. पाठीमागे श्रीपतीने टोपी काढली होती.

मी पाहिलं. वच्छे, मी डोळे फाडून पाहिलं. जवळ गेले, लांब आले, तिरकं होऊन पाहिलं. आई दिसली नाही. तू दिसली नाहीस. काजळी होती, चुन्याचे पांढरे पोपडे होते आणि माझ्या पाच बोटांचा ठसा होता. एवढंच. आयुष्यात एकदा मला दाखवलं गेलं होतं आणि मी नाही म्हटलं होतं. बाहेर राख पडत होती. कौलांवरून तिचा आवाजही येत नव्हता.

“काय करते ती?” मी विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग ती चिमुरडी म्हणाली, “काय न्हाई. तुमच्याकडं बगत्यात.”

“रागाने?”

“न्हाई बा. वाट बगत्यात.”

मी भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. चौदा मुलांसमोर, श्रीपतीसमोर, मला फार संकोच वाटला. मी अगदी हळू, जवळजवळ ओठांतच, म्हटलं, “वच्छे, मला दिसली होती. पहिल्याच दिवशी दिसली होती. माझी आई होती ती. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

खोलीत काही हललं नाही. मुलं दाराकडे बघत होती. मग तानी उठली, माझ्या पदराला धरून तिने मला जरा डावीकडे सरकवलं, आणि पाहुण्यांना सांगतात तसं सांगितलं,

“मोठ्यानं बोला. तापात बाईंचा डावा कान गेल्ता.”

मला हे माहीत नव्हतं. तुझा एक कान गेला होता, आणि मला माहीत नव्हतं.

मग मी मोठ्याने बोलले. पहिल्यापासून, सगळं.